परत यायचा परवाना

काकांचा फोन बुधवारी रात्री आला. ११ सप्टेंबर २०२४, गौरीपूजनाचा दिवस. तिकडे नऊ वाजले असतील, इकडे थायलंडमध्ये साडेदहा. आवाजावरून पुरणपोळी अंगावर आलेली कळत होती. ज्या वाटणीपत्राबद्दल गेली अकरा वर्षं 'बघू की' यापलीकडे शब्द निघाला नव्हता, त्याबद्दल काकांनी एका दमात सांगून टाकलं, "शुक्रवारी सही करतो. उद्या गौरी जात्यात. पुढच्या आठवड्यात पितृपंधरवडा लागतोय, त्यात मी असल्या कागदाला हात लावणार न्हाई. आन् त्याच्यानंतर माझं मन कसं असंल, ते मला बी ठावं न्हाई."

मी म्हटलं, "काका, परवा? मी रयोंगला आहे."

"मग ये की. इमानं असत्यात."

मुखत्यारपत्र करून आईकडं पाठवतो, असं मी या आधी दोनदा सुचवलं होतं. वकिलांनाही ते चाललं असतं. काकांना चालत नव्हतं. पुतण्या समोर उभा राहून सही करणार असेल तरच आपण करणार, हा त्यांचा हेका होता आणि वडील गेल्यावर तो मोडून काढणारं घरात कुणी उरलं नव्हतं. तेव्हा गुरुवारी रात्रीचं विमान, मध्यरात्री मुंबई, तिथून गाडीनं कराडच्या अलीकडचं आमचं गाव आणि सकाळी अकराला दुय्यम निबंधकांच्या दारात. तिकीट काढून होईपर्यंत साडेबारा वाजले.

मग बायकोनं विचारलं, "री-एंट्री आहे?"

"आहे की. मेमध्ये गेलो तेव्हा काढली होती."

तिनं काही न बोलता कपाटातून माझा पासपोर्ट काढला, ते पान उघडलं आणि माझ्यापुढं धरलं. मेमधल्या परमिटवर आडवा शिक्का होता : वापरले. एकदाच चालणारं परमिट होतं ते, आणि मे महिन्यात परत येताना मी ते खर्चून बसलो होतो.

हे री-एंट्री प्रकरण काय आहे ते थोडं सांगायला हवं, कारण इथं नोकरीला येणारा प्रत्येक नवा माणूस पहिल्या वर्षी यात गोंधळतो. मीही गोंधळलो होतो. चाकणच्या एका कारखान्यातून मी रयोंगला आलो ते नॉन-इमिग्रंट बी या व्हिसावर. त्यावर आत आलं की ९० दिवस राहता येतं. मग कंपनी कामाचा परवाना काढते आणि त्याच्या आधारावर इमिग्रेशन राहण्याची मुदत वर्षभर वाढवून देतं. त्याचे १,९०० बाट लागतात. पासपोर्टात एक शिक्का बसतो आणि त्यात तारीख असते. माझी होती २० मार्च २०२५. माणसाला वाटतं, झालं, मार्चपर्यंत आपण मोकळे. कुठंही जा, कधीही या.

तसं नसतं. ती मुदत तुम्ही देशात आहात तोवरच जिवंत. पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसला, की त्याच क्षणी ती मरते, मग तिच्यावर सहा महिने शिल्लक असोत की दहा. ती मरू नये म्हणून जायच्या आधी वेगळा परवाना घ्यायचा. एसटीतून चहाला उतरताना आपण सीटवर रुमाल टाकून जातो ना, अगदी तसं. तिकीट आपलंच असतं, प्रवास पुढचाच असतो, पण रुमाल नसेल तर परत आल्यावर सीटवर दुसरा बसलेला आणि कंडक्टर हात वर करून मोकळा. एका फेरीच्या रुमालाचे १,००० बाट, हव्या तितक्या फेऱ्यांच्या रुमालाचे ३,८००. आणि रुमालानं प्रवास लांबत नाही, हेही लक्षात ठेवायचं. परमिटची मुदत मूळ मुदतीइतकीच. माझी दोन्ही २० मार्चलाच संपणार.

थाई भाषेत याला जो शब्द आहे त्यात 'क्लाप खाव मा' येतं. परत, आत, ये. तीन साधी क्रियापदं. सरकारी कागदावर इतकं घरगुती काही वाचायची सवय नसल्यानं मला ते पहिल्यांदा फार गोड वाटलं होतं.

गोड न वाटलेली गोष्टही सांगतो. माझ्या आधी इथं आलेला एक नागपूरचा सहकारी २०२३ च्या सोंगक्रानला, म्हणजे एप्रिलमधल्या थाई नववर्षाच्या सुट्टीत, बायकोला घेऊन चार दिवस मलेशियातल्या लंकावी बेटावर गेला. परमिटचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. जाताना कुणी अडवलं नाही. का अडवावं? बाहेर जाणाऱ्या माणसाला परत यायचंय की नाही, हे ज्याचं त्यानं बघायचं असतं. परत येताना मात्र त्याची वर्षभराची मुदत शून्य झालेली. २,००० बाट भरून पंधरा दिवसांचा, विमानतळावर मिळतो तो पर्यटकांचा व्हिसा घेऊन तो आत आला आणि सोमवारी कामावर येता येईना, कारण पर्यटकानं काम करायचं नसतं. सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून कंपनीत कुणी सुट्टी टाकली की अर्जावर साहेबाच्या आधी हा गाठतो. "भाऊ, ठप्पा घेतला का? ठप्पा घेतल्याशिवाय निघू नको बरं."

गुरुवारी सकाळी त्यालाच फोन केला. रयोंगच्या इमिग्रेशन कचेरीत परमिट मिळतं, एरवी मी तिथूनच काढतो. पण त्या दिवशी बारापर्यंत मला कारखान्यातून हलता येणार नव्हतं, आणि बारानंतर कचेरीची रांग धरली तर विमान गाठायची घाई. तो म्हणाला, "कायले जातो तिथं? बँकॉकच्या विमानतळावर काढ, सुवर्णभूमीवर. जायच्या दिवशी तिथंच देतात. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेव. रोख पैसे ने. आणि पासपोर्टचा शिक्का मारून घ्यायच्या आधी जा. नंतर नाही."

ही दुसरी गोष्ट त्यानं तीन वेळा सांगितली.

दुपारी दोनला कंपनीची गाडी मिळाली. रयोंगहून विमानतळ म्हणजे सात नंबरच्या मोटारवेनं दोन तास, पाऊस नसेल तर. सप्टेंबरात पाऊस नसतो असं होत नाही. चोनबुरीच्या पुढं इतका कोसळला की पुढच्या ट्रकचे दिवेही दिसेनात. ड्रायव्हर शांत. मी मागं बसून वकिलानं पाठवलेला मसुदा वाचत होतो. गट नंबर, आकार, चतुःसीमा, पूर्वेस ओढा. 'ओढा' या शब्दापाशी मी जरा थांबलो होतो, हे मला आता आठवतं.

विमानतळाच्या नावाचं मला कौतुक आहे. लिहितात सुवर्णभूमी, थाई अक्षरांत अगदी तसंच, शेवटच्या वेलांटीसकट. वाचतात मात्र 'सुवन्नफूम'. २००६ मध्ये विमानतळ सुरू झाला. त्याआधी ही सगळी दलदल होती आणि तिचं नाव होतं नागांचं तळं. राजा भूमिबोल यांनी दिलेलं नवं नाव संस्कृत असल्यानं आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते वाचून अभिमान वाटतो आणि टॅक्सीवाल्याला तो ते जसंच्या तसं सांगतो. टॅक्सीवाल्याला कळत नाही.

साडेचारला पोचलो. आधी एटीएम. हा सल्ला सोन्यासारखा होता, कारण या देशात चहाच्या गाडीपासून दवाखान्यापर्यंत मी मोबाइलनं क्यूआर मारतो आणि खिशात नोटा नसतातच. त्या दिवशी पाकिटात १४० बाट होते. २,००० काढले. मग चेक-इन. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट चाळला, बोर्डिंग पास दिला, परत कधी येणार वगैरे काही विचारलं नाही. तिला मुंबईत उतरायचा माझा हक्क तपासायचा होता आणि माझा पासपोर्ट भारतीय होता, तेवढ्यावर तिचं भागलं.

सिक्युरिटी झाली. पट्टा, बूट, लॅपटॉप, सगळं पुन्हा अंगावर चढवलं आणि समोर पासपोर्ट कंट्रोलच्या रांगा दिसल्या. इथं माझी एक गंमत झाली. डोक्यात नागपूरकर ओरडत होता, 'आधी, आधी', आणि पाय सवयीनं जाऊन रांगेत उभे राहिले. पुढं एक मोठा चिनी गट होता, एकसारख्या पिवळ्या टोप्या. मीही त्यांच्या मागं मागं सरकत राहिलो. दहा मिनिटं गेल्यावर, पुढं चार-पाच माणसं उरली असताना, मी सहज खिशात हात घातला आणि हजाराच्या दोन नोटा हाताला लागल्या. अंगातून कळ गेली. त्या नोटा मी कशासाठी काढल्या होत्या?

दोरीखालून वाकून बाहेर आलो. टोपीवाल्या आजीबाईंनी मला असं बघितलं, जणू मी काही चोरून पळतोय.

एका कर्मचाऱ्याला विचारलं, "री-एंट्री?" त्यानं हात लांब करून बाजूला दाखवलं. रांगांच्या कडेला, पासपोर्ट कंट्रोलच्या अलीकडेच एक छोटं टेबलवजा काउंटर. वर पाटी होती. पाटी लहान नव्हती, पण आपल्याला हवी ती पाटी आपल्याला नको असते तेव्हाच ठळक दिसते. मागच्या चार प्रवासांत मी तिच्यासमोरून गेलेलो होतो.

माझ्या पुढं तिघं होते. एक जपानी, बहुधा आमच्यासारखाच कुठल्यातरी कारखान्यातला, कारण त्याच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरात सगळं लावून ठेवलेलं : भरलेला फॉर्म, चिकटवलेला फोटो, सही केलेल्या झेरॉक्स, वर क्लिप. त्याचं काम पाच मिनिटांत झालं. दुसरा एक म्हातारा गोरा, निवृत्तीच्या व्हिसावर राहणारा असावा. शेजारी त्याची थाई बायको, तीच सगळं बोलत होती आणि तो मान डोलावत होता. तिसरी एक फिलिपिनो बाई. शाळेत शिकवते, आईचं आजारपण म्हणून अचानक निघाली, असं तिनंच मला सांगितलं. मी तिला काकांची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, "तुमचे काका आजारी आहेत का?" मी म्हटलं, "नाही, राजी झालेत." तिला ते समजलं नाही. समजावून सांगायला फार मागं जावं लागलं असतं.

माझा नंबर आला. काउंटरमागच्या बाईंनी हात जोडले नाहीत, पण आवाजात ते होतं. "सवादी खा. पासपोर्ट, बोर्डिंग पास." मी दिले. त्यांनी पासपोर्टाची पानं भराभर उलटली. पहिलं पान, व्हिसा, शेवटचा आत आल्याचा शिक्का, मुदतवाढीचा शिक्का. प्रत्येक पानाशी क्षणभर बोट थांबे. मग विचारलं, "ख्रांग दिआव? लाय ख्रांग?"

एकदा की अनेकदा?

मी मनातल्या मनात हिशेब केला. मुदत मार्चपर्यंत. सप्टेंबरात हा दौरा. दिवाळीला यंदा जायचं नाही असं ठरलेलं, कारण मुलीची परीक्षा. मग फेब्रुवारीत कदाचित. ३,८०० कशाला घालवा? चारदा गेलो तरच ते वसूल. "ख्रांग दिआव," मी ऐटीत म्हटलं. आपल्याला थाई येतं हे दाखवायची संधी मिळाली की माणूस विचार कमी करतो.

"फोटो?"

फोटो मी आणले होते. घरातल्या डब्यातून चार उचलले होते. बाईंनी एक हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला. तो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा होता, आपल्याकडं काढतात तसा. इथल्या फॉर्मला चार बाय सहा लागतो. त्यांनी मला बाजूच्या कॅमेऱ्यासमोर बसवलं. दिवसभराच्या पावसानं आणि दोरीखालून वाकल्यानं माझा जो अवतार झाला होता, तो आता त्या सरकारी दप्तरात कायमचा आहे. झेरॉक्सही तिथंच निघाल्या. मी रात्री एक वाजता घरच्या प्रिंटरवर काढलेल्या होत्या त्या बॅगेत होत्या, आणि बॅग विमानाच्या पोटात. शहाणपणानं चेक-इन केली होती ना.

पैसे झाले १,२००. परमिटचे १,००० आणि फोटो, झेरॉक्स, फॉर्म यांचे वर २००. कचेरीत गेलो असतो तर दोनशे वाचले असते. पण मला त्या वेळी कुणी पाचशे मागितले असते तरी मी दिले असते.

फॉर्मचं नाव टीएम ८. हे टीएम इंग्रजी वाटतं, पण ते 'तॉ मॉ', म्हणजे इमिग्रेशनसाठीच्या थाई शब्दाची आद्याक्षरं. इथं राहणाऱ्या परक्या माणसाचं आयुष्य या तॉ मॉच्या आकड्यांत बसतं. मुदतवाढीला सात, परत यायला आठ, दर नव्वद दिवसांनी 'मी इथंच आहे' हे कळवायला सत्तेचाळीस, आणि घरमालकानं 'हा माझ्याकडं राहतो' हे कळवायला तीस. माझ्या मुलीला पाढ्यांपेक्षा हे आधी पाठ झालेत.

बाईंनी बराचसा फॉर्म पासपोर्टवरून भरूनच दिला. दोन-तीन रकाने मला भरायचे होते. कुठं जाणार : भारत. परत कधी येणार : ही तारीख अंदाजानं लिहिली तरी चालते, परमिट त्या तारखेपुरतं नसतं, पण मी प्रामाणिकपणे १६ सप्टेंबर लिहिलं. आणि मग तो रकाना आला, जाण्याचं कारण.

दीड इंच जागा. त्यात काय लिहावं? आजोबांनी दोन भावांना तोंडी दिलेली वाटणी, तिची नोंद न झालेली, विहिरीचं पाणी दिवसाआड, बांधावरचा आंबा कुणाचा यावरून आई आणि काकू यांच्यात १९९८ साली झालेलं आणि अजून न मिटलेलं भांडण, वडील गेल्यावर सातबाऱ्यावर लागलेली आमची नावं, आणि गौरी उठल्यावर पितृपंधरवडा बसायच्या आत मिळालेला एक शुक्रवार. माझं पेन अडलेलं बघून बाई म्हणाल्या, "बिझनेस? हॉलिडे?" दोन्ही नव्हतं. शेवटी इंग्रजीत 'फॅमिली मॅटर' लिहिलं आणि सही केली.

पासपोर्ट आणि फॉर्म आतल्या अधिकाऱ्याकडं गेले. "वेट," बाई म्हणाल्या आणि खुर्च्यांकडं बोट केलं.

मी बसलो. सव्वासहा. विमान आठ पन्नासला. एकीकडं काही घाई नव्हती आणि दुसरीकडं पासपोर्ट हातात नसला की वेळ वेगळाच चालतो. परदेशात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. पाकीट हरवलं, फोन हरवला तर माणूस चिडतो. पासपोर्ट दुसऱ्याच्या टेबलावर असला की तो नुसता बघत राहतो. इथल्या बोलीत भारतीय माणसाला 'खॅक' म्हणतात. बाजारात भाजीवाल्या आपसांत म्हणतात, तो खॅक आला. पहिल्या वर्षी मला ते टोचायचं. मग कळलं की त्या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. तेव्हापासून टोचत नाही, पण पूर्ण सुखावतही नाही. पाहुण्यानं उठताना 'येतो' म्हणायचं असतं. आपण 'जातो' म्हणत नाही कधी. आजीनं त्यावरून थोबाडीत मारलेली मला आठवते. इथं ते 'येतो' अर्ज करून म्हणावं लागतं, इतकंच.

माझा मेहुणा जपानमध्ये असतो. तिथं एका वर्षाच्या आत परत येणार असाल तर विमानतळावर एका छापील कार्डावर खूण केली की भागतं. पैसे नाहीत, फोटो नाही. २०१२ पासून तशी सोय आहे. तो मला यावरून चिडवतो. सौदीत राहून आलेले आमचे शेजारी मात्र चिडवत नाहीत. 'एक्झिट-रीएंट्री' हा शब्द त्यांना चांगला ठाऊक, आणि तिथं त्याची सूत्रं मालकाच्या हातात असायची. त्या मानानं मी स्वतःच्या खिशातले हजार बाट टाकून स्वतःच परवाना मागतोय, हे बरंच म्हणायचं.

वीस-पंचवीस मिनिटांत नाव पुकारलं. नाव म्हणजे माझ्या आडनावाचं थाई रूप. ते माझं आहे हे ओळखायला दोन हाका लागल्या. पासपोर्ट मिळाला. मागं सरकायच्या आधी तिथंच उभं राहून पान उघडलं : परमिटचा क्रमांक, 'सिंगल', आणि वैधता २० मार्च २०२५. आधीच्या मुदतीच्या शिक्क्याशी ताडून पाहिलं, आकडा न् आकडा. सोबत पावतीही होती, तिच्यावर साल २५६७. इथलं बौद्ध साल आपल्या इसवीच्या ५४३ वर्षं पुढं असतं. पुढं मुंबईत ती पावती खिशातून काढताना मला स्वतःलाच मी भविष्यातून आल्यासारखा वाटलो.

सगळं मिळून पाऊण तास. यातली दहा मिनिटं मी चुकीच्या रांगेत घालवलेली.

पुन्हा रांग, यावेळी योग्य वेळी. अधिकाऱ्यानं परमिटचं पान पाहिलं, बाहेरचा शिक्का मारला, पासपोर्ट सरकवला. एक शब्द नाही. पलीकडं गेलो की ते दिसतं, ज्याच्यासमोर प्रत्येक भारतीय थांबून फोटो काढतो : समुद्रमंथन. भलामोठा रंगीत देखावा, मध्ये मंदार पर्वत, त्यावर विष्णू उभा, खाली कासव, आणि वासुकीला एका बाजूनं देव, दुसऱ्या बाजूनं दानव ओढताहेत. नागांच्या तळ्यावर बांधलेल्या विमानतळात हा नाग छान शोभतो. मी अनेकदा पाहिलेलं ते. त्या दिवशी मात्र एका टोकाला माझी आई आणि दुसऱ्या टोकाला काका काही केल्या डोळ्यांपुढून हटेनात. आणि मधला तो पर्वत म्हणजे बांधावरचा आंबा.

मुंबई ते गाव हा प्रवास सांगण्यासारखा नाही. खंबाटकीत ट्रक बंद पडलेला, साताऱ्याला चहा, साडेआठला घरी. अंघोळ करून थेट कचेरीत. तिथं काका आधीच येऊन बसलेले, पांढरी टोपी, घडीचा सदरा, मांडीवर आधार कार्डाची पिशवी. मला पाहून म्हणाले, "आलास व्हय? मला वाटलं येत न्हाईस."

शेतजमिनीच्या वाटणीपत्राला तेव्हा मुद्रांक अवघा १०० रुपयांचा लागायचा. म्हणजे अकरा वर्षं अडलेल्या कामाचा मुद्रांक माझ्या फोटो-झेरॉक्सच्या दोनशे बाटपेक्षा स्वस्त होता. साक्षीदार दोन, आईची सही, माझी, काकांची. मग एकेकानं कॅमेऱ्यासमोर बसायचं, फोटो, अंगठा. अठरा तासांत दुसऱ्यांदा मी सरकारी कॅमेऱ्यासमोर बसलो होतो आणि दुसऱ्यांदा केस विंचरायचे राहिले होते. काकांनी अंगठा दिला, पुसला आणि कारकुनाला विचारलं, "झालं?" तो हो म्हणाला. काकांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "चल, भजी खाऊ."

मंगळवारी अनंत चतुर्दशी. त्या दिवशी मुंबईत विमानतळ गाठणं म्हणजे दुसरं मंथन, म्हणून रविवारी रात्रीचंच परतीचं विमान घेतलं. सोमवारी पहाटे सुवर्णभूमी. उतरल्यावरही एक काळजी घ्यायची असते, ती सांगून ठेवतो. १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी ६० दिवस व्हिसाविना आत येता येऊ लागलं होतं. म्हणजे आपला पासपोर्ट बघून कुणालाही आपण सहलीला आलोय असं वाटू शकतं. आपण दिसतोही तसेच, अर्धवट झोपेतले, पिशव्या घेतलेले. म्हणून मी परमिटच्या पानावर बोट ठेवूनच पासपोर्ट देतो आणि तोंडानंही म्हणतो, "री-एंट्री ख्रप." शिक्का मिळाला की काउंटर सोडायच्या आधी तारीख बघायची. साठ दिवसांनंतरची असेल तर तिथल्या तिथं बोलायचं, घरी जाऊन नाही. माझी होती २० मार्च २०२५. अधिकाऱ्यानं परमिटवर 'वापरले' उमटवलं. नव्वद दिवसांची मोजणी त्या दिवसापासून नव्यानं सुरू, म्हणजे सत्तेचाळीस नंबरचा फॉर्म आता थेट डिसेंबरच्या मध्याला. हा एक फुकटचा फायदा.

बाहेर गाडीत बसलो तेव्हा उजाडत होतं. पाऊस थांबलेला. घरी फोन करून सांगितलं, आलो. पिशवीत आईनं दिलेली चटणी, शेंगदाण्याचे लाडू आणि नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत होती. प्रत काढून मी पुन्हा वाचायला घेतली, या वेळी सावकाश. गट नंबर एक, दोन, तीन. चतुःसीमा. पूर्वेस ओढा.

पूर्वेस ओढा. पण ओढ्याच्या पलीकडचा तुकडा?

गावाकडं सकाळचे साडेपाच झाले असतील. काका उठलेले असणार, म्हशीची वेळ. लावला फोन.

"व्हय," काका म्हणाले, "त्यो मुद्दामच ठिवलाय मागं. समदं एकदम कशाला? तुळशीचं लगीन झालं की ये, तवा त्याचं बघू."

मी पासपोर्ट उघडला. 'सिंगल'. त्यावर आडवा शिक्का, शाई अजून ओली.